बॅटरी नवी, तरी ट्रॅक्टर ढकलावा लागतो

प्रश्न : माझा जुना ट्रॅक्टर डायनामोचा आहे. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या घेतल्या, तरी सकाळी सेल्फ लागत नाही. मेकॅनिक म्हणतो, सगळी वायरिंग बदला. एवढा खर्च करू का?
– एक शेतकरी, बार्शी तालुका

उत्तर : घाई करू नका. बॅटरी वीज फक्त साठवते. ती भरणारा डायनामो कमी पडला तर नवी बॅटरीही बसते. आधी मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. रेस वाढवल्यावर आकडा 14 च्या आसपास गेला पाहिजे. नाही गेला, तर दोष चार्जिंगमध्ये आहे. गेला, तर बॅटरीची टोके आणि चेसिसवरचा अर्थ काढून गंज-रंग खरवडा. पुष्कळदा दुखणे तिथेच असते, आणि इलाज सँडपेपरचा!

डायनामो मंद गतीवर जवळजवळ भरतच नाही. रात्री दिवे लावून काम असेल तर अल्टरनेटर बसवाच. तेव्हा जुना कटआउट-रेग्युलेटर काढा, मुख्य तार किमान 6 चौरस मिलिमीटरची घ्या, फ्यूज टाका. चार्जिंगच्या दिव्याची तारही जोडा. बहुतेक अल्टरनेटर तिच्यामुळेच जागे होतात. काही जुन्या ट्रॅक्टरांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक अर्थला असते. ते न पाहता जोडले, तर अल्टरनेटरचे डायोड क्षणात जळतील. चालू इंजिनवर बॅटरी कधीच सोडवू नका. कामाआधी अर्थची केबल पहिल्यांदा काढा.

संपूर्ण वायरिंग मात्र आवरण तडकले असेल किंवा उंदरांनी कुरतडले असेल, तरच बदला.