संधिगतवाताची चिकित्सा-मार्गदर्शिका : काही विचार

संधिगतवाताचा एकच रुग्ण पाच वैद्यांकडे गेला, तर पाच निरनिराळे कल्प घेऊन परततो. प्रकृती, वय, अग्निबल यांनुसार भेद व्हावाच. परंतु पुष्कळदा तो वैद्याच्या सवयीवरून ठरतो. म्हणून मार्गदर्शिका हवी. मात्र चार ज्येष्ठांनी एका बैठकीत संमत केलेली योगांची यादी म्हणजे मार्गदर्शिका नव्हे.

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ मध्ये विश्वासार्ह मार्गदर्शिकेची आठ मानके सांगितली. त्यांपैकी सर्व उपलब्ध अभ्यासांचा पद्धतशीर आढावा हे आम्हांस कळीचे वाटते. ‘सर्व’ म्हणजे प्रतिकूलही. २००३ साली अमेरिकेत रक्तातील कोलेस्टेरॉल वाढलेल्या १०३ प्रौढांवर गुग्गुळाच्या प्रमाणित अर्काची आठ आठवडे परीक्षा झाली. एल.डी.एल. उतरण्याऐवजी किंचित वाढले, काहींच्या अंगावर पुरळ उठले. तो अर्क होता, शोधित गुग्गुळ नव्हे, असा आक्षेप आपण घेतो. आक्षेप रास्त आहे. पण तोच निकष अनुकूल अभ्यासालाही लावला पाहिजे.

गुडघ्याच्या संधिविकारावरील २०१३ सालच्या भारतीय अभ्यासात ४४० रुग्ण होते. शुंठी, गुडूची इत्यादींच्या अर्कांचे योग २४ आठवड्यांत ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचे ठरले. हा आपल्या शास्त्राचा मोठा लाभ होय. तरीही तेवढ्या आधारावर योगराज गुग्गुळाची शिफारस करता येणार नाही. कल्प वेगळा आहे. तेथे ‘आधार : ग्रंथवचन व वैद्यानुभव, शिफारस दुर्बल’ असे स्पष्ट लिहावे. यात ग्रंथाचा अवमान नाही. चरकाने आप्तोपदेशाबरोबर प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती यांनाही परीक्षेत स्थान दिले आहेच.

शिवाय आप्त तो, जो रज-तमापासून मुक्त. समितीवर बसणाऱ्यांनी ही व्याख्या स्वतःस लावून पाहावी. औषधनिर्मात्यांवाचून काम अडेल, कारण कच्च्या द्रव्याची भेसळ आणि कल्पाचा टिकाऊपणा त्यांच्याइतका कोणास ठाऊक? त्यांचे म्हणणे अवश्य ऐकावे. मतदानाच्या वेळी मात्र त्यांनी बाहेर बसावे. औषधकंपनीचे मानधन घेऊन व्याख्याने देणाऱ्या वैद्यांनाही हाच नियम लागू व्हावा. (हे काहींना रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे.) समितीत एखादा गुडघेदुखीचा रुग्णही असावा, मांडी घालून बसता येणे आणि जिना चढता येणे यांपैकी काय अधिक मोलाचे, हे तोच सांगेल.

अपाय लपवू नयेत. वरील २०१३ च्या अभ्यासात आयुर्वेदीय योग घेणाऱ्या सात रुग्णांचे एस.जी.पी.टी. वाढले होते, लक्षणे नव्हती, औषध थांबविताच ते पूर्ववत झाले. मार्गदर्शिकेत ही नोंद शिफारशीच्या शेजारीच, त्याच टंकात छापलेली असावी.