गंजी आणि ठिणगी

भाविकजनहो, कडब्याची गंजी पेटली म्हणजे आपण विचारतो, ठिणगी कोणी टाकली? ते विचारावेच. पण ही गंजी घराला लागून रचली कशी गेली, हे विचारायचे मात्र राहून जाते. आजच्या पाठात तेवढेच पाहू.

उदाहरण आपल्या वऱ्हाडातलेच घ्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये बांगलादेशात दुर्गापूजेच्या मंडपांवर हल्ले झाले. त्याच्या निषेधातून त्रिपुरात मशिदींची व दुकानांची नासधूस झाल्याच्या बातम्या आल्या. त्रिपुराच्या निषेधासाठी १२ नोव्हेंबरला अमरावतीत मोर्चा निघाला आणि दुकानांवर दगड पडले. दुसऱ्या दिवशी त्याविरुद्ध बंद झाला, त्यातही जमावाने मोडतोड व जाळपोळ केली. शहरात संचारबंदी लागली. जून २०२२ मध्ये त्याच शहरात एका औषधविक्रेत्याचा खून झाला. त्याने पाठविलेल्या मजकुराचा तो सूड होता, असा तपासयंत्रणेचा आरोप आहे. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात अशाच एका मजकुरावरून दंगल उसळली; एक जीव गेला.

आता सांगा, अमरावतीच्या दुकानदाराने त्रिपुरात काय केले होते? काहीच नाही. ठिणगी शेकडो कोसांवरून आली. गंजी मात्र इथलीच होती.

ती गंजी कशाची? पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे. ओलीत नाही, कपाशी आभाळाच्या भरवशावर. कर्जापायी किती शेतकऱ्यांनी जीव दिला, ते आपण जाणतो. अकोल्याच्या कापडगिरण्या बंद पडल्या. तिकडे मुसलमान समाज शिक्षणात आणि नोकरीत किती मागे राहिला, ते सच्चर समितीने २००६ साली दाखविले. म्हणजे दोन्ही आळ्यांत पोरांचे हात रिकामेच! अशा पोराच्या कानाशी कोणी लागतो, “तुहा घास त्या पलीकडच्यानं खाल्ला.” दुःखाला चेहरा मिळतो, रागाला धर्माचे नाव मिळते, आणि पोराला वाटते, आपणही कोणीतरी आहोत.

म्हणाल, मग गरिबीच दंगा करविते काय? नाही. तसे असते तर भाकर बांधून पंढरीची वाट चालणारा आपला वारकरी पहिला दंगेखोर ठरता. नुसती भूक दगड उचलीत नाही. भुकेला अपमान जोडला, शेजाऱ्याची ओळख तुटली, आणि वर चिथावणारा भेटला, म्हणजे हात उठतो. चिथावणारा बहुधा पोटभर जेवलेला असतो, हेही ध्यानात ठेवा. आणि कारण सांगितले म्हणजे पाप माफ झाले असे नव्हे. मारणारा हात दोषीच.

पण आपण तरी निर्दोष आहोत काय? चोखोबांना देवळाबाहेर उभे राहावे लागले. पंढरीचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. विषमतेची गंजी आपल्याच अंगणात होती. गुरुजींनी मात्र ती पेटविली नाही. स्वतःचा देह झिजवून ती उपसली. वऱ्हाडातच जन्मलेल्या गाडगेबाबांनी मिळालेला पैसा धर्मशाळा आणि शिक्षण यांत घातला. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना तर आपण संतांच्या मेळ्यात मानतो. ही आपली वाट आहे.

तेव्हा माळकऱ्याने तीन गोष्टी कराव्या. दूरची बातमी आली तर ती शहानिशा केल्यावाचून पुढे धाडू नये. पलीकडच्या आळीतल्या चार घरांशी सुखदुःखाचे येणेजाणे ठेवावे. अफवेच्या रात्री तीच ओळख कामी येते. आणि गावातले एक तरी पोर, ते कोणत्याही घरचे असो, शाळेत वा कामाला लावावे. ठिणगी अडविणे दरवेळी आपल्या हाती नसते. गंजी हलविणे आहे.

रामकृष्णहरी.