उभ्याउभ्या खाल्लेलं

वजन वाढलं की आपल्याकडे पहिली कुऱ्हाड भातावर पडते. मीही भात सोडला. काटा ढिम्म हलला नाही. हलणार कसा? माझं खाणं ताटात नव्हतंच. ऑफिसातून सातला घरी यायचं, पर्स ठेवायची आणि कुकर लावता लावता फरसाणाचा डबा उघडायचा. वाटी घ्यायची नाही. वाटीत घेतलं की ते खाण्यात धरावं लागतं. एक बकाणा भरून झाकण लावायचं, शिट्टी झाली की पुन्हा काढायचं. आधी शेव, मग तळाशी हात घालून शेंगदाणे. साडेनवाला पानावर बसेपर्यंत भूक मेलेली. पोळी एकच, पालेभाजी चवीपुरती. वर घरात कौतुक, "हिचं खाणं किती कमी!"

शंभर ग्रॅम फरसाण साधारण 500 कॅलरींच्या घरात जातं, कारण तेल: एका ग्रॅमला 9 कॅलरी. तेवढ्याच वजनाच्या ज्वारीच्या पिठाच्या दोन भाकऱ्या 350च्या आसपास. पण मला जास्त लागला तो दुसरा हिशेब. फरसाणानं आमटी, पालेभाजी, कोशिंबीर पानातून हुसकावली होती. वजन वाढत होतं आणि प्रथिनं, लोह पुरेसं पोटात जात नव्हतं. चहातली साखरही अशीच, खाण्यात न धरलेली. दोन-दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे 35-40 ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 25च्या आत ठेवली तर अधिक चांगलं म्हणते.

मग ऐकायचं कुणाचं? आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळानं खा म्हणतात, डॉ. जगन्नाथ दीक्षित दोनदाच जेवा म्हणतात. आमच्या सोसायटीत दोन्ही पंथ आहेत, हळदीकुंकवाला जुंपतेसुद्धा. कुकरच्या शिट्ट्यांवर बकाणे भरा, असं मात्र दोघांपैकी कुणीच म्हणत नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठल्याच पंथात शिरू नका.

सातची भूक खोटी नसते, हे आधी मान्य करा. दुपारी एकला डबा खाल्ल्यावर ती लागणारच. तिला दामटून घरी आणलं की हात डब्याकडेच जातो. त्यापेक्षा ऑफिसातून निघतानाच मूठभर फुटाणे किंवा एखादं केळं खा. जेवण आठ-साडेआठला आणता आलं तर फारच छान. नाहीच जमलं, तर चिवडा खुशाल खा, पण वाटीत घेऊन, बसून.

फरसाण आमच्याकडे अजून येतं, पण पावशेर, तेही पाहुणे यायचे असले तरच. नवऱ्याची कुरकुर चालू आहे.