परमार्थात स्त्रियांचा अधिकार : शास्त्र आणि रूढी

सप्ताहानिमित्त गावोगाव हिंडताना आम्हांस एक प्रश्न हटकून येतो. मायबहिणी डोईवर तुळस घेऊन पंढरीची वाट चालतात, पंगतीसाठी रांधतात, वाढतात. मग गळ्यात वीणा घेऊन नारदाच्या गादीवर उभे राहण्याचा अधिकार त्यांना आहे की नाही?

पूर्वपक्ष असा. भागवताच्या प्रथम स्कंधात म्हटले आहे की स्त्रियांना वेदश्रवण नाही, म्हणून व्यासांनी कृपाळू होऊन महाभारत रचले. यावरून काही मंडळी म्हणतात, बाईने ऐकावे, सांगू नये.

आता उत्तर ऐका. ते वचन वेदांपुरते आहे. नामाला ते लावता येत नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी स्त्रियांना नाव घेऊन परमगती दिली आहे. बरे, वेदांत तरी काय दिसते? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात घोषेची सूक्ते आहेत. बृहदारण्यकात जनकाच्या सभेत गार्गी याज्ञवल्क्यांना एकदा सोडून दोनदा प्रश्न करते. हारीताने तर ब्रह्मवादिनी स्त्रियांस उपनयन व वेदाध्ययन सांगितले. पुढे मनुस्मृतीत विवाह हाच स्त्रीचा उपनयनसंस्कार ठरला. लग्न लहान वयात होऊ लागले, मग अध्ययनाला वेळ कुठला? म्हणजे रूढी पालटली तसा अधिकार पालटला. जे रूढीने गेले ते शास्त्रात मुळीच नव्हते, असे म्हणू नये.

आपल्या संप्रदायाने हे कुलूप कसे उघडले पाहा. वयोवृद्ध योगी चांगदेवांनी कोवळ्या मुक्ताबाईंना गुरू केले. चोखोबांच्या सोयराबाईंनी विटाळ देहाचा, आत्मा मात्र शुद्ध, असा निवाडा अभंगात दिला. बहिणाबाईंची कथा याहून बोलकी आहे. पती वेदपाठी; बायकोने हरिकथेचे वेड घ्यावे हे त्यांना सोसेना, त्यांनी मारही दिला. तुकोबांचा उपदेश बाईंना स्वप्नात झाला. वेदपुराणे स्त्रियांचे हित होऊ देत नाहीत, ही तक्रार त्यांनी स्वच्छ मांडली आणि वज्रसूची मराठीत आणून खरे ब्राह्मण्य कशात ते सांगितले. त्यांनी घर सोडले नाही नि देवही सोडला नाही.

अहो, ह्या माउल्यांचे अभंग आपण गादीवरून गातो, मग तीच गादी त्यांच्या लेकींना नाकारायची कशी? पंढरीच्या मंदिर समितीने 2014 साली पूजेच्या सेवेसाठी स्त्रियांकडूनही अर्ज मागविले. शनिशिंगणापुरी 2016 साली चौथऱ्याची वाट त्यांना मोकळी झाली. स्त्रिया कीर्तनेही करीत आहेत. तरी कित्येक गावी अजून पत्रिकेवर बाईचे नाव घालताना मंडळी अडखळतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. कीर्तन रंगात येते तेव्हा गावची सून चुलीपाशी असते. पंगत तिच्यामुळे होते, पण श्रवण तिला लाभत नाही. अधिकार कागदावर देऊन भागत नाही, त्याला सवड लागते. ती सवड पुरुषांनी द्यावी.

म्हणून आमची विनंती आहे : येत्या सप्ताहात एक दिवसाचे कीर्तन अभ्यासू स्त्रीकडे द्यावे, आणि त्या दिवशी रांधण्या-वाढण्याची सेवा पुरुषांनी उचलावी. तुळशीचा भार जिने वाहिला तिला वीणेचा भार जड होणार नाही.

रामकृष्णहरि.