टोकियोला किटली न्यावी का?

प्रश्न : नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही दोघं आठ दिवसांसाठी टोकियोला चाललोय. ह्यांचा हट्ट आहे की घरची इलेक्ट्रिक किटली बॅगेत टाकायचीच, सकाळचा चहा आपल्या हातचा हवा. मुलगा म्हणतो, तिथे ती चालणार नाही. चालणार नाही म्हणजे नेमकं काय होईल? जळेल? फुटेल? आणि किटली नाही, तर मग काय न्यावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जळणार नाही, फुटणारही नाही. रुसून बसेल.

आपल्याकडे घरात २३० व्होल्टची वीज येते, जपानमध्ये १०० व्होल्टची. किटलीच्या तळाशी तापणारी तार असते. व्होल्टेज निम्मं झालं, तर तिची ताकद निम्म्याच्या निम्मी होते, पाव. इथे तर व्होल्टेज निम्म्याहूनही कमी, म्हणजे हाती उरला जेमतेम पाचवा हिस्सा. सांगलीतली १५०० वॉटची किटली टोकियोत पोचताच २८० वॉटची होते. लिटरभर पाणी घरी चारेक मिनिटांत उकळतं, तिथे वीस मिनिटं धरून चाला. चहा होईल, पण तोवर ह्यांचा पारा पाण्याच्या आधी चढलेला असेल.

खरा धोका उलट्या प्रवासात आहे. तिकडचा सुबक राइस कुकर पाहून मोह होतो. तो १०० व्होल्टचा असेल आणि तुम्ही हौसेने सांगलीत आणून प्लगला लावलात, तर त्याच हिशेबाने त्याच्यात पाचपट ताकद घुसेल. तुमची ‘जळेल’ ही शंका त्या दिवशी खरी ठरेल.

मोबाइलच्या चार्जरची काळजी नको. त्याच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत ‘१००-२४०’ छापलेलं असतं, ते एकदा चष्मा लावून बघून घ्या. पिना मात्र जुळत नाहीत. तिथलं सॉकेट दोन चपट्या पट्ट्यांचं, आपल्या गोल पिना त्यात जाणार नाहीत. अ‍ॅडाप्टर घेताना दोनच पट्ट्यांचा घ्या. तीन पिनांचा घेतलात, तर तो हॉटेलात भिंतीपाशी लोंबकळत राहील.

टोकियोतल्या हॉटेलांच्या खोल्यांत किटली बहुतेक असतेच. शेजारी पिशव्या असतात त्या हिरव्या चहाच्या. म्हणून घरची चहापत्ती न्या आणि दूध कोपऱ्यावरच्या दुकानातून आणा. ही छोटी दुकानं बहुतेक रात्रंदिवस उघडी असतात.

आता किटलीच्या रिकाम्या जागेत काय भरायचं ते सांगतो. पहिला मान रुमालांचा. प्रत्येकी चार. टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं दृष्ट लागण्याजोगी असतात. कागद असतो, कुठे कुठे गरम बैठकही असते. पण हात पुसायला बऱ्याच ठिकाणी काहीच नसतं. तिथली माणसं खिशातून आपापला रुमाल काढतात. आसाकुसाच्या गल्ल्यांमध्ये ‘तेनुगुई’ मिळतात. सुती, पातळ, हातभर लांब, छापील नक्षीचे, आणि कडेला शिवण नसलेले. हातात घेतल्यावर मला आमच्या आजोबांचा पंचा आठवला होता. इथून रुमाल न्यायचे विसरलात तर तेच घ्या, परतल्यावर भेट द्यायलाही कामाला येतात.

दुसरी गोष्ट, घडी केलेल्या दोन-तीन प्लास्टिकच्या पिशव्या. रस्त्यावर कचराकुंडी शोधून सापडत नाही. २० मार्च १९९५ रोजी तिथल्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला गेला, त्यानंतर सुरक्षेसाठी सार्वजनिक जागांमधल्या कुंड्या मोठ्या प्रमाणात हटवल्या गेल्या. तरीही रस्ते स्वच्छ, कारण लोक आपला कचरा आपल्या पिशवीत घालून घरी नेतात. केळ्याची साल हातात धरून तीन चौक चाललात की पिशवीचं मोल कळेल.

तिसरी गोष्ट, धड मोजे. देवळाच्या गाभाऱ्यात, तातामीच्या चटया अंथरलेल्या खाणावळीत, काही दुकानांच्या कपडे घालून बघायच्या खोलीतसुद्धा बूट बाहेर काढायचे असतात. एका सोबा खाणावळीत माझ्या मोज्यातून अंगठा डोकावत होता. जेवणभर मी पाय मांडीखाली दाबून बसलो आणि उठताना मुंग्या आल्यामुळे शेजारच्या आजोबांचा आधार घ्यावा लागला. बूटही लेसचे नकोत, पटकन पायात सरकणारे असू द्या.

स्वेटरचं फार मनावर घेऊ नका. तेव्हा तिथे दिवसा पंधरा अंशांच्या आसपास आणि पहाटे त्याहून बरीच थंडी असते, पण लोकलमध्ये बाकाखालून ऊब येते. एक जाड कोट घालण्यापेक्षा पातळ दोन-तीन थर बरे, काढता-घालता येतात.

खाण्याचं म्हणाल तर चिवडा, शंकरपाळी, चटण्या जरूर न्या. मांसाचे पदार्थ अजिबात नकोत, आणि ताजी फळं, भाजी, कढीपत्ता, मिरच्या घरीच ठेवा. ताज्या मालाला रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, विमानतळावर विचारणा होते. तुम्ही शाकाहारी असाल तर एक अडचण आधीच सांगून ठेवतो. साधं दिसणारं सूपसुद्धा बहुधा ‘दाशी’वर केलेलं असतं, आणि दाशीत बहुतेक वेळा बोनिटो माशाचे सुकवलेले काप असतात. ‘मांस, मासे आणि माशांची दाशी चालत नाही’ हे वाक्य कुणाकडून तरी जपानीत लिहून घ्या आणि तो कागद पाकिटात ठेवा. फारच अडलं तर निशी-कासाई गाठा. एदोगावा भागातल्या या वस्तीत भारतीय माणसं इतकी आहेत, की २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ तिथल्या स्थानिक सभेवर निवडून आले. भारतीय किराणाही तिथे मिळतो.

औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसकट. डॉक्टरांनी लिहून दिलेली एक महिन्यापुरतीच. त्याहून जास्त हवी असतील तर आधी परवानगी काढावी लागते. सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट मात्र उलटं करून वाचा. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेली औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत.

आणि पासपोर्ट बॅगेत भरू नका. तो बाहेर पडताना अंगावर बाळगायचा, परदेशी पाहुण्यांसाठी तसा तिथला कायदाच आहे. ह्यांच्या शर्टाला आतला खिसा शिवून घ्या, शिंप्याकडे दहा मिनिटांचं काम आहे.