अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या किडन्या जास्त का बिघडतात?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत अटलांटाजवळ एका डायलिसिस सेंटरमध्ये नर्स आहे. तिच्याकडे येणाऱ्या पेशंटांत कृष्णवर्णीयच जास्त असतात आणि त्यामागे एक जनुक आहे, असं तिथले डॉक्टर सांगतात. हे खरं का? ते जनुक आपल्या लोकांतही असतं का? माझे थोरले भाऊ गेल्या वर्षापासून डायलिसिसवर आहेत, म्हणून विचारतो. (एक वाचक, सांगली)

उत्तर : खरं आहे. आणि या शोधाचा एक महत्त्वाचा दुवा आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात सापडला, हे तुमच्या मुलीलाही कदाचित ठाऊक नसेल.

अमेरिकेत किडनी पूर्ण निकामी होऊन डायलिसिसवर जाण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांत तीन-चार पट आहे. गरिबी, उशिरा मिळणारे उपचार, मधुमेह ही कारणं आहेतच, आणि ती किरकोळ नाहीत. पण ती सगळी हिशेबात धरूनही फरक उरायचा. बऱ्याच केसपेपरवर ‘बीपीमुळे किडनी गेली’ असा शेरा पडे. आज मागे वळून पाहिलं तर त्यातल्या अनेकांची किडनी आधी बिघडली होती आणि बीपी मागाहून चढलं होतं, असं दिसतं.

२००८ मध्ये संशोधकांनी २२ व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाकडे बोट दाखवलं, पण आळ भलत्यावरच आला होता. दोनच वर्षांत, २०१० मध्ये, खरा गुन्हेगार त्याच्या अगदी शेजारी सापडला. त्याचं नाव एपीओएल-१. हे जनुक सगळ्यांकडेच असतं. फरक आहे तो त्याच्या दोन बदललेल्या रूपांचा. त्यांना जी-१ आणि जी-२ म्हणतात. ही रूपं पश्चिम आफ्रिकेत, विशेषतः नायजेरियातल्या योरुबा आणि इग्बो लोकांत, भरपूर आढळतात. गुलामांच्या जहाजांतून ती अमेरिकेत पोचली.

इतकं घातक रूप इतक्या लोकांत टिकलं कसं? याचं उत्तर त्सेत्से माशीत आहे. ही माशी चावली की ट्रिपॅनोसोम नावाचे परजीवी रक्तात शिरतात आणि त्यांच्यातल्या काही जातींमुळे निद्रारोग होतो. एपीओएल-१ चं प्रथिन ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलच्या कणांवर बसून रक्तात फिरतं आणि परजीवीच्या पोटात शिरून त्याच्या पडद्याला भोकं पाडतं. बहुतेक जाती त्यात मरतात. निद्रारोगाची एक जात मात्र या प्रथिनाला निष्प्रभ करायला शिकली. जी-१ आणि जी-२ ही माणसाच्या बाजूने आलेली पुढची चाल. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडूनच ते रूप आलं, तर परजीवीपासून बचावाची शक्यता वाढते आणि किडनीला फारसा धोका नसतो. दोघांकडून आलं, तर किडनीवर संकट येऊ शकतं.

असा सौदा आपल्याला नवा नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल आहे. त्याची एक प्रत मलेरियापासून वाचवते, दोन प्रती आजार देतात, आणि त्या आजारात किडनीही लहान वयापासून झिजू लागते.

आता चंद्रपूर. आपल्याकडे त्सेत्से माशी नाही, पण ट्रिपॅनोसोमची एक जात आहे. तिच्यामुळे घोडे, उंट आणि गुरांना सर्रा होतो. १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याला ती जनावरांच्या रक्तात दिसली. माणसाला हा रोग होत नाही, असं सव्वाशे वर्षं मानलं गेलं, कारण आपलं रक्तच त्या परजीवीला मारतं. मग २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला काही केल्या हटेना असा ताप येऊ लागला. रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर त्यात हेच परजीवी वळवळत होते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी पुढच्या वर्षी ही केस प्रसिद्ध केली. सुरामिन या जुन्या औषधाने तो शेतकरी बरा झाला.

पण त्यालाच का? ब्रुसेल्सच्या प्रयोगशाळेत त्याचं रक्त तपासलं गेलं. त्याच्या एपीओएल-१ च्या दोन्ही प्रती मोडलेल्या होत्या आणि ते प्रथिन रक्तात अजिबात नव्हतं. २००६ मध्ये हे छापून आलं, तेव्हा किडनीचा कुणाच्या मनात विचारही नव्हता.

२०१० नंतर मात्र त्या शेतकऱ्याची आठवण झाली. जी-१, जी-२ च्या दोन प्रती असल्या की किडनी बिघडते, म्हणजे प्रथिन काम करेनासं होतं म्हणून बिघडते का? तसं असेल, तर ज्याच्याकडे हे प्रथिनच नाही त्याची किडनी आधी जायला हवी. उंदरांवर हे तपासता येईना, कारण उंदरांकडे हे जनुकच नसतं. म्हणून संशोधकांनी या शेतकऱ्याचं आणि त्याच्या गावातल्या ५० जणांचं रक्त, लघवी आणि बीपी तपासलं. २०१२ मध्ये निष्कर्ष आला : प्रथिन नसण्याचा आणि किडनीच्या विकाराचा काही संबंध दिसत नाही. एका गावाचा अभ्यास लहानच, पण त्याचा रोख स्पष्ट होता. दोष प्रथिनाच्या अभावात नाही, बदललेल्या प्रथिनाच्या अंगात आहे. किडनीच्या गाळणीवर ज्या नाजूक पेशी असतात, त्यांनाही ते भोकं पाडतं. हा फरक फार मोलाचा आहे. जे नाही ते शरीराला पुरवणं महाकठीण असतं, जे खोडी करतंय ते अडवणं त्यामानाने सोपं. ही भोकं बुजवणाऱ्या इनॅक्सॅप्लिन या गोळीच्या पहिल्या छोट्या चाचणीत १३ आठवड्यांत लघवीतून जाणारी प्रथिनं जवळपास निम्म्याने घटली. ते निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

मुलीला एक गोष्ट जरूर सांगा. अमेरिकेतल्या सुमारे १३ टक्के कृष्णवर्णीयांकडे अशा दोन्ही प्रती आहेत, आणि त्यांतल्या बहुसंख्यांना किडनीचा विकार कधीच होत नाही. एचआयव्हीसारखा दुसरा घाव बसला, तर मात्र धोका प्रचंड वाढतो. शिवाय हे नुकसान किडनीच्या स्वतःच्या पेशींत होतं, त्यामुळे प्रत्यारोपणात घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याचं जनुक जास्त महत्त्वाचं ठरतं. आणि कातडीचा रंग म्हणजे जनुक नव्हे. क्रिएटिनिनवरून किडनीचं काम मोजायच्या सूत्रात तिकडे कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता, तो २०२१ मध्ये काढून टाकला. तो फार आधीच जायला हवा होता.

आपल्या लोकांत जी-१, जी-२ जवळजवळ आढळत नाहीत. तेव्हा भावांच्या आजारात हे जनुक शोधण्यात अर्थ नाही. त्यांचं मूळ निदान काय, ते आधी विचारा. मधुमेहामुळे किडनी गेली असेल, तर तुमची साखर आणि बीपी आटोक्यात ठेवणं हाच उपाय. घराण्यात मधुमेह येतो तो रक्तातून आणि ताटातून, दोन्हीकडून. सोनोग्राफीत किडन्या पाण्याच्या गाठींनी भरून मोठ्या झालेल्या दिसल्या असतील, तर प्रकरण वेगळं. तो विकार बहुधा १६ व्या किंवा ४ थ्या गुणसूत्रावरच्या जनुकातून येतो, आणि आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. १६ व्यावरचा असेल तर किडनी साधारण पन्नाशीत दगा देते, ४ थ्यावरचा असेल तर बरीच उशिरा. चाळिशीनंतर तुमची सोनोग्राफी स्वच्छ आली, तर तुम्ही बहुतेक सुटलात. पंचविशीतला पुतण्या असेल, तर त्याला मात्र स्वच्छ सोनोग्राफीवर तेवढं विसंबता येणार नाही.

भावांना किडनी द्यायचा विचार तुमच्या मनात असेल, तर हे निदान कागदावर असल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. किडन्या आखडून गेल्या असतील तर बायोप्सीतूनही फारसं हाती लागत नाही. अशा वेळी जनुक तपासणी करून घ्यावी का, हे नेफ्रॉलॉजिस्टला स्पष्ट विचारा. आणि तोवर तुमचं स्वतःचं क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन आणि बीपी तपासून घ्या. साध्या लॅबमध्ये होतं ते.