घरी विचारून सांगते

१९७४ साली टेल्कोला, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सला, पुण्याच्या कारखान्यासाठी इंजिनिअर हवे होते. स्त्रियांनी अर्ज करू नये, असं जाहिरातीत सरळ छापलं होतं. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, पुढच्या सुधा मूर्तींनी, जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं आणि त्यांना नोकरी मिळाली. मला या किश्शात हेवा वाटतो तो त्या जाहिरातीचा. निदान बोट ठेवायला छापील ओळ होती! आता तेच केबिनचं दार लोटून गोड आवाजात सांगतात.

मी चिंचवडला एमआयडीसीतल्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर आहे, ठेकेदाराकडून. पाचवा महिना लागल्याचं कळवलं, तसे एचआरचे साहेब म्हणाले, "ताई, तुमच्या तब्येतीसाठीच सांगतो, राजीनामा द्या. बाळंतपण झालं की परत घेऊ." कागद टाइप करून तयार होता, वर 'स्वखुशीने' असंही लिहिलेलं. लाइनवरच्या एकीने आधी अशीच सही केली होती. तिला परत कुणी बोलावलं नाही, आणि सही खुशीची नव्हती हे दाखवायची जबाबदारी मात्र तिच्याच गळ्यात पडली. मी म्हटलं, "घरी विचारून सांगते." बाईने घरी विचारायचं काढलं की कुणी हट्ट धरत नाही. एरवी या समजुतीची चीड येते. त्या दिवशी ती कामी आली.

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, "आज आपण मला राजीनामा द्यायला सांगितलंत. मला राजीनामा द्यायचा नाही, प्रसूती रजा हवी आहे." तोच मजकूर स्पीड पोस्टाने ठेकेदाराला आणि कंपनीलाही. पावत्या जपून ठेवल्या. उत्तर आलं नाही, पण राजीनाम्याचा विषय परत निघाला नाही.

पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, आणि ठेक्यावरची बाई त्यातून सुटत नाही. रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे. गंमत म्हणजे पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी, कापली जात असेल, तर हे पैसे कंपनीला द्यावेच लागत नाहीत, विमा महामंडळ देतं. अट आहे ७० दिवसांच्या वर्गणीची. म्हणून पगाराच्या स्लिपा फेकू नका. ईएसआय नसेल, तर आधीच्या वर्षभरात ८० दिवस काम भरलेलं लागतं आणि पैसे मालक देतो.

पगाराचंही तसंच. एकाच मशीनवर तो 'ऑपरेटर' आणि ती 'हेल्पर', हे आमच्याकडे सर्रास चालतं. ऑड्री डिकोस्टा या मुंबईच्या स्टेनोग्राफरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच सांगितलं की प्रत्यक्ष काम कोणतं, ते पाहायचं. तेव्हा रोज कोणतं मशीन चालवलं, ते वहीत तारखेनिशी टिपा. आणि कुणी अंगचटीला आलं, तर तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार द्या. दहापेक्षा कमी माणसांच्या वर्कशॉपमध्ये अशी समिती नसते. तिथल्या बायकांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

५० किंवा जास्त कामगार असले की पाळणाघराची सोय लागते. आमच्याकडे त्या नावाची खोली आहे, आत खोके रचलेत. त्याचाही अर्ज दिलाय, पोचपावती घेऊन.